जाड जॅकेट दिलं आणि तो जास्तच गारठला: घामाचं एक प्रकरण

फ्रोझन मालाच्या गोदामात काम करणाऱ्या एका माणसाचं हे प्रकरण आहे, आणि त्यातली पहिली चूक माझी आहे, म्हणून जसं घडलं त्याच क्रमाने लिहितोय. नंतर सुचलेलं आधीच सुचलं होतं असं दाखवण्यात काही मजा नाही.

जागा समजून घ्या आधी. आत उणे २४ अंश. दाराबाहेर डॉक, म्हणजे गाड्यांतला माल चढवा-उतरवायची जागा, तिथे ४-५ अंश. डॉकच्या पलीकडे ब्रेक रूम, ती २२ च्या आसपास. माझ्याकडे सेफ्टी आणि कपड्यांचं स्टोअर, म्हणजे कुणाला कुठलं जॅकेट, कुठले ग्लोव्ह्ज, कधी बदलायचे हे सगळं माझ्या रजिस्टरवर. आणि हा माणूस तिशीतला, धडधाकट, याच थंडीत सात वर्षं काढलेला, त्यामुळे नवखा आहे म्हणून कुरकुरतोय असं म्हणायला जागाच नव्हती. त्याची शिफ्ट दोन तुकड्यांत. पहिले सव्वादोन तास हाताने माल उतरवायचा, १५-१६ किलोचे खोके, एकामागून एक पॅलेटवर रचायचे, मध्ये एक लहान ब्रेक. मग मोठा ब्रेक, आणि त्यानंतर रीच ट्रकवर (उंच रॅकपर्यंत माल उचलणारी फोर्कलिफ्टसारखी गाडी) बसून तेच पॅलेट रॅकमध्ये लावायचे. ट्रक उघडा, केबिन नाही, हीटर नाही. म्हणजे आधी ढोरमेहनत आणि मग बैठं काम, दोन्ही उणे २४ मध्येच, आणि दोन्ही त्याच कपड्यांत. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, आम्ही ते दोन महिने लक्षात घेतलं नव्हतं.

तक्रार अशी की ट्रकवर बसलं की वीस मिनिटांत हुडहुडी भरते, बोटं बधिर होतात, लिव्हर हातात आहे की नाही कळत नाही. एकदा पॅलेट रॅकच्या खांबाला घासला, नशिबाने वरचा माल हलला नाही. तो स्टोअरमध्ये आला आणि म्हणाला, "दादा, या जॅकेटात काही जीव राहिला नाही, जाड असेल तर द्या." मी पण लगेच काढून दिलं, सगळ्यात वरच्या दर्जाचं, लेबलवर ईएन ३४२ चा, म्हणजे थंडीच्या कपड्यांसाठीच्या युरोपियन मानकाचा, हिमकणाचा शिक्का, इन्सुलेशनचा आकडा जुन्यापेक्षा चांगलाच वरचा. थंडी वाजते तर जाड कपडा घाला, यात विचार करण्यासारखं काय आहे असंच वाटलं मला.

आठवड्याने परत हजर. "दादा, आधीचंच बरं होतं."

आधी काय काय चुकीचं शोधलं

मला पहिली शंका आली की जॅकेटच डुप्लिकेट असावं. म्हणून तेच जॅकेट, त्याच साइजचं, दुसऱ्या एकाला दिलं जो पूर्ण शिफ्ट ट्रकवरच असतो, हाताने काही उचलत नाही. तो दोन दिवसांनी म्हणाला भट्टी आहे हो, हे मी परत देणार नाही. म्हणजे जॅकेट बरोबर.

मग शंका माणसावर. डॉक्टरकडे पाठवलं, थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन, सगळं नॉर्मल. झोप नीट, जेवण नीट, दारू नाही. सुपरवायझरचं मत होतं की ट्रकचं काम नको असेल म्हणून नाटकं चाललीत, आणि खरं सांगायचं तर एक-दोन दिवस मलाही तसं वाटून गेलं.

धागा सापडला तो रजिस्टरमध्ये. त्याच्या तक्रारी मी तारखेनिशी लिहून ठेवल्या होत्या, त्या सहज वाराप्रमाणे लावून बघितल्या तर सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी एकही तक्रार नाही. दुसऱ्या दिवशी किरकोळ. चौथ्या-पाचव्या दिवशी जोरात. थंडी तर रोज तीच आहे, काम तेच आहे, माणूस तोच. मग आठवडाभर साठत जाणारी आणि सुट्टीच्या दिवशी संपणारी अशी गोष्ट कुठली? थकवा म्हणता आला असता, सुपरवायझरने म्हटलंही. पण त्याच आठवड्यात मी त्याचं जॅकेट खुंटीवरून उचललं, तो नुकताच फ्रीझरमधून आला होता, आणि पाठीकडच्या भागातून करकर आवाज आला. चुरगळलेला पातळ प्लॅस्टिकचा कागद मुठीत दाबावा तसा. बाहेरून जॅकेट कोरडं, आतलं अस्तरही हाताला फक्त दमट लागत होतं. आवाज मधल्या थरातून येत होता.

एक जुनं, रद्दीत काढलेलं जॅकेट होतं, ते त्याला एक दिवस घालायला दिलं आणि शिफ्ट संपल्या संपल्या डॉकवरच पाठीची शिवण उसवली. आतली पांढरी बॅटिंग, म्हणजे ऊब धरायला भरलेला कापसासारखा थर, अंगाच्या बाजूला जवळजवळ कोरडी, आणि बाहेरच्या कापडाच्या बाजूला तिच्यावर हिमाचे पापुद्रे, तंतूंना चिकटलेले, नखाने खरवडले की भुरभुर पडत होते. खांद्याच्या पाळ्यांमध्ये सगळ्यात जास्त, काखेजवळ त्याखालोखाल, पोटाकडे जवळजवळ नाहीच. पाठ जिथे घामेजते तिथेच बर्फ, नकाशा काढल्यासारखा. मी फोटो काढेपर्यंत कडेचे पापुद्रे वितळून पाणी झालं होतं.

तराजू

मग सुरू केलं वजन करणं. यासाठी काही लॅब लागत नाही, ग्रॅममध्ये मोजणारा साधा डिजिटल काटा पुरतो आणि प्रत्येक कपड्याचं कोरडं वजन आधी लिहून ठेवायला लागतं, बस. शिफ्टच्या आधी, मोठ्या ब्रेकला, शिफ्टच्या शेवटी, असं तीनदा.

मोठ्या ब्रेकला, म्हणजे माल उतरवून झाल्यावर, सगळे कपडे मिळून ३८० ग्रॅमने जड. त्यातलं सुती बनियन एकटंच १४० ग्रॅमने. त्यावरचं फ्लीस (मऊ लवदार कापडाचा स्वेटर) ६० ने, जॅकेट १५०-१६० ने, उरलेलं पॅंटमध्ये. पावशेराहून जास्त पाणी अंगावर घेऊन हा माणूस उणे २४ मध्ये बसकामाला निघत होता. आणि त्याहून महत्त्वाचं, दुसऱ्या दिवशी सकाळी तेच जॅकेट लॉकरमधून काढून परत काट्यावर ठेवलं तर अजून ९० ग्रॅम जास्त होतं. पत्र्याचा बंद लॉकर, आत बूट, वर जॅकेट, दार घट्ट. सुकणार कुठून? त्या ९० वर दुसऱ्या दिवसाचं चढायचं, त्यातलं थोडं सुकायचं, वर तिसऱ्या दिवसाचं. सुट्टीच्या आधी तो जॅकेट घरी घेऊन जायचा, उघड्यावर टांगायचा, आणि म्हणून पहिला दिवस चांगला जायचा. वारांचं कोडं एवढंच होतं.

पाणी आत गेल्यावर नेमकं बिघडतं काय

गरम कपडा मुळात गरम नसतोच. ऊब धरतो तो तंतूंमध्ये अडकलेली स्थिर हवा. स्थिर हवेची उष्णता वाहून नेण्याची ताकद साधारण ०.०२५ वॅट प्रति मीटर प्रति अंश, पाण्याची ०.६, म्हणजे चोवीसेक पट, आणि बर्फाची २.२, म्हणजे पाण्याच्याही जवळजवळ चौपट. तंतूंच्या मधली हवा जाऊन तिथे पाणी बसलं की ती जागा उष्णतेसाठी पूल झाली, आणि त्या पाण्याचा बर्फ झाला की पूल अजून पक्का. शिवाय ओलं झालं की बॅटिंग दबते, फुगवटा जातो, थर पातळ होतो. पिसांच्या जॅकेटात हे सगळ्यात वाईट, ओली पिसं अक्षरशः गोळा होऊन बसतात. पॉलिएस्टर त्यातल्या त्यात तग धरतं कारण त्याचा तंतू स्वतः पाणी पीत नाही, वजनाच्या अर्ध्या टक्क्याच्याही आत, पण तंतूंच्या मधल्या फटीत पाणी राहतंच, पॉलिएस्टर आहे म्हणजे ओलं होत नाही असा जो समज असतो ना तो सोडून द्या.

आता बर्फ बाहेरच्या थरातच का? हिशोब सोपा आहे. कातडी ३२ अंशांवर, बाहेर उणे २४, मध्ये ५६ अंशांचा उतार. कपड्यांच्या जाडीत हा उतार साधारण सारखा पडतो असं धरलं तर अंगापासून ३२ भागिले ५६, म्हणजे सत्तावन्न टक्के अंतरावर शून्य अंश येतो. त्याच्या बाहेरचा उरलेला त्रेचाळीस टक्के थर कायम गोठणबिंदूच्या खाली. घामाची वाफ अंगापासून निघते, बाहेर जायला बघते, त्या शून्याच्या रेषेपलीकडे जाते आणि तिथेच थिजते. म्हणूनच श्वास घेणाऱ्या मेंब्रेनचं, म्हणजे पाणी अडवून वाफ सोडणाऱ्या पातळ पडद्याचं, महागडं जॅकेट आणून बघितलं (हो, तेही केलं) तर फारसा फरक पडला नाही. मेंब्रेन वाफेला बाहेर सोडतं हे खरं, पण वाफ तिथपर्यंत वाफ म्हणून पोचली पाहिजे ना. उणे २४ ला ती मेंब्रेनच्या आतल्या अंगाला हिम होऊन बसते आणि मग तो बर्फाचा पापुद्राच मेंब्रेनची भोकं बुजवतो. हेच जॅकेट पावसाळी हवेत डोंगर चढताना मस्त काम करतं, पण ती गोष्ट वेगळी.

वाफेचा अजून एक उद्योग आहे जो मला आधी माहीत नव्हता. घाम कातडीवर वाफ होतो तेव्हा ग्रॅममागे २४०० ज्यूलच्या वर उष्णता अंगातून घेतो. ती वाफ बाहेरच्या थरात परत पाणी किंवा हिम होते तेव्हा तीच उष्णता तिथे सोडते. वाटेल की चला, कपड्यातच राहिली, वाया नाही गेली. पण सोडली कुठे, तर बाहेरच्या कापडाला लागून, तिथून ती सरळ फ्रीझरच्या हवेत. म्हणजे वाफ ही हमालासारखी अंगातली ऊब उचलून जाड इन्सुलेशन ओलांडून बाहेरच्या दारात नेऊन टाकते, आणि स्वतः मात्र ओझं होऊन आतच राहते. दुहेरी नुकसान.

जाड जॅकेटाने वाईट का झालं

इथे क्लो नावाचं एकक लागेल. १९४१ मध्ये गॅग, बर्टन आणि बॅझेट या शास्त्रज्ञांनी सुचवलेलं, बसलेल्या माणसाला २१ अंशांच्या खोलीत जेवढ्या कपड्यांत बरं वाटतं तेवढं इन्सुलेशन म्हणजे १ क्लो, शास्त्रीय भाषेत ०.१५५ चौरस मीटर अंश प्रति वॅट. हालचालीत हवा आतबाहेर पंप होते म्हणून प्रत्यक्षात मिळणारं इन्सुलेशन कमीच असतं, तर धरू की जुन्या जॅकेटासकट सगळा पोशाख २.५ क्लो देत होता आणि नव्यासकट ३.२. अंगाचं क्षेत्रफळ १.८ चौरस मीटर. हा कच्चा हिशोब आहे, पण दिशा दाखवायला पुरेसा आहे.

खोके उचलताना शरीर ४०० वॅटच्या वर उष्णता तयार करतं. श्वासातून जाते आणि प्रत्यक्ष कामात खर्च होते ती वजा केली तर साधारण ३६० वॅट कातडीवाटे बाहेर पडायला हवी. जुन्या २.५ क्लोमधून उणे २४ मध्ये २६० वॅट बाहेर पडते. उरली १०० वॅट, ती घामानेच जाणार, त्याला ताशी दीडशे ग्रॅमच्या आसपास घाम लागतो, तोही सगळा कातडीवरच नीट वाळला तर. नव्या ३.२ क्लोमधून बाहेर पडते फक्त २०० वॅट. उरली १६०. घाम ताशी सव्वादोनशे-अडीचशे ग्रॅम. म्हणजे मी ऊब म्हणून जे जॅकेट दिलं त्याने सव्वादोन तासांत घाम दीडपट केला, आणि त्यातला बराचसा त्याच्याच कपड्यांत साठवला.

आता तो ट्रकवर बसला. बैठ्या कामात शरीर १६०-१६५ वॅटच बनवतं. त्यात भागायचं तर उणे २४ ला साधारण ४ क्लो कोरडं इन्सुलेशन पाहिजे. याच्याकडे कोरडं असतं तर ३.२, म्हणजे ४० वॅटची तूट, ती ब्रेक घेत घेत निभावून जाते. पण कोरडं कुठे आहे? पाण्याने समजा पाव हिस्सा कमी केलं, तर उरलं २.४, आणि तूट शंभरच्या वर. वर बनियनातलं दीडशे ग्रॅम पाणी अंगाच्या उबेवर वाळायला बघतंय, दोन तासांत वाळलं तरी त्यापायी आणखी ५० वॅट. म्हणजे जवळजवळ जेवढी उष्णता शरीर बनवतंय तेवढीच वरचेवर उसनी काढायची. सत्तर किलोच्या माणसाचं शरीर सरासरी एक अंशाने थंड व्हायला ६८ वॅट-तास गेले तरी पुरतात. शरीर काही गप्प बसत नाही, हातापायांचा रक्तपुरवठा आवळतं आणि स्नायू थरथरवून उष्णता बनवतं. ती थरथर म्हणजे हुडहुडी, आणि तो आवळलेला पुरवठा म्हणजे बधिर बोटं. बोटांच्या कातडीचं तापमान १५ अंशांच्या खाली गेलं की हाताची सफाई झपाट्याने जाते, मग लिव्हर कळत नाही, पॅलेट खांबाला लागतो. नाटक वगैरे काही नव्हतं.

आणि तो पूर्णवेळ ट्रकवाला त्याच जॅकेटात खूश का? तो घामेजतच नव्हता. लेबलवरचा आकडा त्याच्यासाठी खरा होता. ईएन ३४२ चा तो आकडा मिळतो पुतळ्यावर, गरम केलेला, हातपाय हलवणारा पण कोरडा पुतळा, त्याला घाम येत नाही. आकडा खोटा नाही, पण त्यात घामाचा हिशोब नाही, आणि मी तो आकडा बघून खोके उचलणाऱ्याला जॅकेट देत होतो.

ब्रेक रूमचा भाग तर मला स्वतःला फार लागला कारण तो नियम मीच केला होता, ब्रेकमध्ये जॅकेट काढू नका, सर्दी होईल. आत २२ अंश. जॅकेटमधलं हिम पंधरा मिनिटांत वितळतं आणि बाहेरच्या थरातलं पाणी बॅटिंगमध्ये पसरत आत येतं. थंडगार कापडावर खोलीतली दमट हवा वरून पाणी सोडते. आणि माणूस आत अजून घामेजतोय. मग दार उघडून परत उणे २४. आता तेच पाणी सगळ्या जाडीत पसरलेलं, गोठायला तयार. नुसतं फ्रीझरमध्येच राहिला असता तर हिम निदान बाहेरच्या बाजूला तरी राहिलं असतं. ध्रुवाकडचे इन्युइट लोक घरात शिरायच्या आधी कातड्याच्या कपड्यांवरचं हिम काठीने झटकून काढायचे, त्यासाठी वेगळी बनवलेली काठीच असायची. ते कोरडं असताना झटकलं तर पडतं, आत जाऊन वितळलं की कायमचं कपड्याचं झालं. आम्ही इतकी वर्षं नेमकं उलटं करत होतो.

या गोष्टीचं टोक बघायचं तर १९११ चा जुलै, अंटार्क्टिकाचा हिवाळा. स्कॉटच्या मोहिमेतले विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड एम्परर पेंग्विनची अंडी आणायला केप क्रोझियरला निघाले होते, पारा उणे ५० च्याही खाली. रात्री तंबूत घामाने आणि श्वासाने कपडे ओले, सकाळी बाहेर पडलं की काही सेकंदांत फळीसारखे कडक. एकदा चेरी-गॅरार्डने बाहेर येऊन मान वर करून बघितलं तर कपडे तसेच गोठले आणि पुढे चार तास मान वर ठेवूनच त्याला स्लेज ओढावी लागली. त्यानंतर तिघंही बाहेर पडल्या पडल्या ओढायच्या पोझमध्ये वाकून उभे राहायचे, गोठायचंच आहे तर कामाच्या आकारात गोठूया म्हणून.

मग काय बदललं

सगळ्यात मोठा बदल म्हणजे उतरवायच्या कामाला जाड जॅकेट बंद. त्याला सांगितलं की आत शिरताना पहिली दहा मिनिटं गार वाटलं पाहिजे, नाही वाटलं तर कपडे जास्त आहेत. हे पटवणं महाकठीण, कारण ज्याला थंडी वाजते म्हणून तक्रार आहे त्यालाच मी कमी कपडे घाल म्हणतोय. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मीच आजारी आहे. म्हटलं, "तीन दिवस माझ्यासाठी कर, चौथ्या दिवशी वाटलं तर जॅकेट तुझं."

अंगाला चिकटून पातळ लोकरीचा फुल शर्ट, सुती बनियन बाद. सुती कापड घाम पितं, अंगाला चिकटून बसतं आणि सोडत नाही, १४० ग्रॅम त्यानेच धरले होते. लोकर वजनाच्या तीसेक टक्के ओल तंतूच्या पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही, आणि ओलीत सुद्धा अगदीच चिकटून बसत नाही. वर पातळ फ्लीस, वर वारा अडवणारं हलकं जॅकेट, चेन अर्धी उघडी ठेवायची आणि कपाळावर घाम दिसला की टोपी मागे करायची. वाफ चेनमधून मोकळ्या हवेत गेली तर ती कपड्यात थिजत नाही, याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

मग मोठ्या ब्रेकला आतला शर्ट बदलायचा, अंग कोरडं पुसायचं, आणि ट्रकसाठीचं जाड जॅकेट, जे तोपर्यंत कोरड्या उबदार जागी टांगलेलं असतं, ते घालायचं. कपडे बदलायला सहा-सात मिनिटं जातात. यावरून सुपरवायझरशी माझं वाजलं, तो म्हणाला माणशी सात मिनिटं म्हणजे शिफ्टला किती झाली हिशोब कर. मी त्याला म्हटलं तो खांब वाकला असता तर किती मिनिटं गेली असती तेही कर. अर्थात हे उत्तर मला भांडण संपल्यावर सुचलं, त्या वेळी मी नुसताच चिडलो होतो, आणि परवानगी मिळाली ती पंधरा दिवसांच्या चाचणीपुरती.

लाजेचा मुद्दा मात्र माझ्या डोक्यातच आला नव्हता. सगळ्यांसमोर शर्ट काढायला लोक तयार नव्हते, पहिले दोन दिवस हा पण तसाच ओल्या शर्टावर जाड जॅकेट घालून गेला आणि मला "बदलला" म्हणून सांगितलं. काट्यावर कळलं. मग ब्रेक रूमच्या कोपऱ्यात पडदा लावला, प्रश्न मिटला.

लॉकरच्या ऐवजी वाळवायची जागा केली, जाळीचा स्टँड, खालून पंख्याने कोमट हवा, वरून हवा बाहेर जायला वाट. ही वरची वाट सगळ्यात महत्त्वाची, नाहीतर कोमट बंद पेटी म्हणजे ओल्या हवेचा डबाच, पहिल्या आठवड्यात आमचं तसंच झालं होतं आणि जॅकेट गरम लागायचं पण वजनाला ओलंच. जॅकेट काढायचा नियमही उलटा केला, आता फ्रीझरच्या दाराबाहेर डॉकवरच दोनदा जोरात झटकून काढायचं आणि तिथेच टांगायचं, ब्रेक रूममध्ये न्यायचं नाही.

काय झालं

उतरवायच्या कामानंतर कपड्यांतलं पाणी ३८० वरून १५० ग्रॅमच्या आत आलं, आणि त्यातलं बहुतेक त्या शर्टात, जो तो बदलतोच. जाड जॅकेट शिफ्टच्या शेवटी १५-२० ग्रॅमने जड, सकाळी कोरड्या वजनावर. वाराप्रमाणे बघितलं तर पाचवा दिवस आणि पहिला दिवस यात फरक राहिला नाही. हुडहुडी गेली. ट्रकवर शेवटच्या अर्ध्या तासात गार वाटतं असं तो अजून म्हणतो, आणि ते बरोबरच आहे, त्याच्या पोशाखाला ४ क्लो होत नाहीत, म्हणून ट्रकवरच्या पाळीत एक छोटा ब्रेक वाढवला.

हात मात्र पूर्ण सुटले नाहीत. ग्लोव्ह्जचे आतले लायनर आता तीन जोड दिलेत, दर ब्रेकला कोरडा जोड, त्याने बराच फरक पडला, पण खोके उचलताना तळवा दाबला जातो आणि दाबलेल्या ग्लोव्हमध्ये इन्सुलेशन मुळातच उरत नाही, त्याला घामाशी देणंघेणं नाही.

बुटांचं काम अर्धवट आहे. पायाचा घाम चेन उघडून बाहेर सोडता येत नाही, तो बुटाच्या आतल्या नमद्यातच (दाबलेल्या लोकरीच्या अस्तरात) जातो. अमेरिकी लष्करात यासाठी एक वेगळीच युक्ती आहे, कोरियन युद्धाच्या काळात आलेले फुगीर रबरी बूट, ज्यात लोकरीचं इन्सुलेशन रबराच्या दोन थरांमध्ये सीलबंद असतं. पाय आत घामाने ओला होतो, होऊ दे, पण ती ओल इन्सुलेशनपर्यंत पोचतच नाही, म्हणून ऊब टिकते, फक्त मोजे बदलत राहायचे. दिवसभर चालायला जड आणि पाय पांढरे पडेपर्यंत भिजतात, म्हणून आमच्याकडे ते चालणार नाहीत. सध्या नमदे दोन जोड करून आलटूनपालटून वाळवतोय आणि त्यांचंही वजन घेतोय. कालचा डावा नमदा ३२ ग्रॅमने जड निघाला, उजवा १८ ने, आणि असं का ते शोधायला आज तो काम करत असताना मी अर्धा तास त्याच्या पायांकडे बघत उभा होतो. खोका वळवताना तो सगळा भार डाव्या पायावर घेतो.